ब्रेकची नळी आणि तिची वाट

(सिंदेवाही येथे वाहनमालक, चालक, शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यापुढे केलेल्या भाषणावरून)



मोटारीच्या ब्रेकवर बोलण्यासाठी माझ्यासारख्या कलाशाखेच्या पदवीधराने उभे राहावे, हे आपणांपैकी काहींना विचित्र वाटले असेल. मलाही ते तसे वाटतेच. माझे काम बातम्या लिहिण्याचे, छायाचित्रे गोळा करण्याचे आणि शासनाच्या योजनांची माहिती गावोगाव पोहोचवण्याचे. पान्याशी माझा संबंध परवापरवापर्यंत सायकलपुरताच होता. परंतु गेल्या पावसाळ्यातील एका प्रसंगाने मला या विषयाकडे ओढून नेले, आणि त्यानंतर मी एका वयोवृद्ध मिस्त्रीच्या गॅरेजात चार-पाच रविवार बसून जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे ठेवीत आहे.

धानाच्या रोवणीचे दिवस होते. रोवणीची काही छायाचित्रे हवी होती, म्हणून एक जुनी जीप भाड्याने घेऊन आम्ही निघालो. जीपच्या मालकाने आठच दिवसांपूर्वी तिच्या पुढच्या दोन्ही चाकांचे जुने ड्रम ब्रेक काढून त्या जागी नव्या धर्तीचे डिस्क ब्रेक बसवून घेतले होते. निघण्यापूर्वी त्याने मोठ्या कौतुकाने मला ते वाकून पाहावयास लावले. "साहेब, आता नुसता पाय ठेवला का गाडी थांबते," असे तो म्हणाला आणि सकाळभर ते खरेही ठरले. दुपारी परतताना जंगलातून नाल्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर चालकाने ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल सरळ तळाला जाऊन टेकले. दुसऱ्यांदा दाबले, तरी तेच. समोरच्या पुलावरून शाळा सुटलेली मुले ओळीने येत होती. चालक डोक्याने शांत होता. त्याने गाडी खालच्या गिअरात घातली, हँडब्रेक ओढला आणि धुरा ओलांडून जीप सरळ डावीकडच्या बांधीत घातली. गुडघाभर चिखलाने जे केले, ते नव्या ब्रेकला करता आले नाही. कुणाला इजा झाली नाही. मुले मात्र हसत होती. साहेबांची गाडी चिखलात फसलेली पाहून दुसरे काय करणार!

नंतर गाडी बाहेर काढून पाहिली. डिस्क नवी, कॅलिपर नवे, पॅड नवे, रबरी होजही नवाच. फक्त तो होज अशा रीतीने बसवला होता, की चाक उजवीकडे पूर्ण वळवले म्हणजे टायरची आतली बाजू त्याला घासत असे. सरळ रस्त्यावर काही कळत नव्हते. परंतु जंगलातल्या वळणांवर आठ दिवसांत घासून घासून त्याची एक बाजू झिजली, आणि उतारावर जोराचा दाब येताच तो तेथे फुटला. त्या जुन्या जीपमध्ये चारही चाकांच्या ब्रेकला एकाच मार्गाने तेल जात होते. त्यामुळे एक नळी फुटताच चारही ब्रेक गेले.

आता हे होते कसे, ते थोडक्यात समजून घेऊ. शिक्षकबंधू पास्कलचा नियम वर्गात शिकवतात. बंद भांड्यातील द्रवावर एके ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो. आपण पेडल दाबतो तेव्हा मास्टर सिलिंडरमधील तेल दाबले जाते, तो दाब बारीक नळ्यांतून चाकापर्यंत जातो, आणि तेथील पिस्टन पॅडला डिस्कवर किंवा लायनरला ड्रमवर दाबून धरतो. मोटारीच्या टायरमध्ये हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलोग्रॅम असतो. जोराने ब्रेक मारला असता ब्रेकच्या नळीतील दाब सत्तर-ऐंशी किलोग्रॅमपर्यंत आणि त्याहूनही वर जातो. एवढा दाब करंगळीएवढ्या जाडीच्या नळीने सोसावयाचा, तोही चाक वर-खाली, उजवी-डावीकडे हलत असताना. ब्रेक कितीही मोठा बसवला तरी त्याचे सामर्थ्य या नळीतूनच यावयाचे आहे.

मोठे, अधिक जोरकस ब्रेक बसवण्याची हौस शर्यतीच्या मोटारींकडून आली. १९५३ साली फ्रान्समधील ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वार मोटारीने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली. त्यानंतर हे ब्रेक हळूहळू सामान्य मोटारींत आले. आज शहरांतील तरुण लाल रंगाचे कॅलिपर लावून स्पोर्ट्स मोटारींचे ब्रेक आपल्या गाडीला बसवतात. आपल्या भागात हौसेपेक्षा गरज मोठी आहे. ताडोब्याचे राष्ट्रीय उद्यान १९५५ चे, व्याघ्र प्रकल्प १९९५ चा. पर्यटकांची वर्दळ वाढली तशा उघड्या जिप्सी गाड्या वाढल्या. १९८५ साली आलेली ही जिप्सी आता कारखान्यातून नागरिकांसाठी येत नाही. म्हणून आहे तीच गाडी दुरुस्त करीत, सुटे भाग बदलीत, कमानपाटे उंच करीत वापरण्याकडे मालकांचा कल असतो. जुन्या महिंद्र जीपचीही तीच कथा. तिच्या चारही चाकांना मुळात ड्रम ब्रेक. त्या जागी बोलेरोसारख्या नव्या गाडीचे डिस्क बसवण्याची रीत आता सर्वत्र रूढ झाली आहे. सहा पर्यटक, मार्गदर्शक आणि चालक एवढी माणसे घेऊन जाणाऱ्या गाडीला चांगला ब्रेक हवा, यात वाद नाही.

परंतु येथेच कायद्याची एक गोष्ट सांगून टाकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाला आपल्या मर्जीने करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील एका निकालात हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली आहे. म्हणून ब्रेकची जातच बदलावयाची असेल, तर आधी चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी. अपघातानंतर विम्याचा प्रश्न उभा राहतो तेव्हा तोंडी उत्तरे कामास येत नाहीत. मी आज जे सांगणार आहे, ते परवानगीने केलेल्या बदलाला जितके लागू आहे, तितकेच मूळ ब्रेकचा जुना होज बदलून नवा टाकण्यालाही. आणि होज बदलण्याचे काम तर प्रत्येक गाडीला केव्हा ना केव्हा करावेच लागते.

मिस्त्रीने मला पहिल्या रविवारी एकच गोष्ट करावयास लावली. त्याने जीपचे पुढचे तोंड जॅकवर उचलले, चेसिसखाली मजबूत स्टँड लावले आणि चाके मोकळी लोंबू दिली. मग मला म्हणाला, "स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवा. आता पूर्ण उजवीकडे." आणि तो दिवा घेऊन खाली निजून होजकडे पाहत राहिला. त्यानंतर जॅक ॲक्सलखाली घेऊन चाक वर ढकलले, कमान दबली, आणि पुन्हा तेच, पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे. गाडी उभी असताना, चाके सरळ असताना सगळेच होज व्यवस्थित दिसतात. चाक खाली लोंबते, वर चढते, डावीकडे वळते, उजवीकडे वळते, यांच्या चार टोकांच्या अवस्था होतात. त्या चारही अवस्थांत होज कुठेही ताणला जाता कामा नये, कुठेही पिळला जाता कामा नये, आणि टायर, कमानपाटे, यू-बोल्ट किंवा सायलेन्सरचा पाइप यांपैकी कशालाही टेकता कामा नये. बोटभर अंतर राहिले तर बरे. नुसते स्पर्शातून सुटले तर ते सुटणे नव्हे, कारण खड्ड्यात आदळलेली गाडी गॅरेजातल्या गाडीपेक्षा अधिक हलते.

होज पिळला आहे की नाही, हे ओळखण्याची एक सोपी खूण आहे. पुष्कळशा होजवर लांबीच्या दिशेने एक रंगीत रेघ असते. ती रेघ सरळ राहिली पाहिजे. रेघ सापासारखी वेटोळे घेऊ लागली, म्हणजे बोल्ट आवळताना होज फिरला असे समजावे आणि ढिला करून पुन्हा बसवावा. रेघ नसेल तर खडूने ओढून घ्यावी. पिळलेली नळी प्रत्येक धक्क्याला स्वतःला सरळ करू पाहते आणि बोल्ट सैल करते.

लांबीचेही तसेच. कमानपाटे उंच केलेल्या जिप्सीत हा दोष मी स्वतः पाहिला आहे. गाडी उंच झाली, चाक अधिक खाली लोंबू लागले. परंतु चेसिसपासून ॲक्सलकडे जाणारा होज मूळच्याच लांबीचा राहिला. सपाट रस्त्यावर तो पुरतो. एक चाक नाल्याच्या खळग्यात उतरले की तारेसारखा ताणतो. याउलट, "असू द्या थोडा मोकळा" म्हणून फार लांब होज टाकला तर तो लोंबून टायरला घासतो किंवा जंगलातल्या खुंटाला अडकतो. बाजारात मिळाला तो होज घेऊन भागत नाही. मोजून घ्यावा लागतो.

होजच्या चेसिसकडील टोकाला एक पत्र्याचा ब्रॅकेट असतो आणि त्यात घोड्याच्या नालेच्या आकाराची क्लिप बसते. ही क्लिप दोन-चार रुपयांची वस्तू, पण ती हरवली की बहुतेक गॅरेजांत बाइंडिंग तार किंवा प्लास्टिकची पट्टी बांधली जाते. मिस्त्रीला याचा फार राग. तार नळीला कापते, प्लास्टिकची पट्टी सायलेन्सरच्या उष्णतेने वितळते, आणि मग धातूची नळी व रबरी होज यांचा सांधा अधांतरी हलत राहतो. हलता सांधा आज ना उद्या चिरतोच. डिस्कचा नवा संच बसवताना जुना ब्रॅकेट जुळत नाही म्हणून तो तसाच सोडून देणारेही असतात. जुळत नसेल तर नवा करून वेल्ड करून घ्यावा, पण होजची दोन्ही टोके पक्की धरलेली असलीच पाहिजेत.

अलीकडे स्टीलच्या बारीक तारांनी विणलेले होज लोकप्रिय झाले आहेत. शर्यतीच्या गाड्यांतील हे आणखी एक देणे. ते दाबाने फुगत नाहीत, त्यामुळे पेडल घट्ट लागते. पण ती वीण करवतीसारखी असते. ज्याला घासेल त्याला कापते, मग ती शेजारची तेलनळी असो वा विजेची तार. वरून प्लास्टिकचे आवरण असलेलाच असा होज घ्यावा, आणि तोही मान्यताप्राप्त मानकाची खूण पाहून. कोरे, खूण नसलेले होज स्वस्त मिळतात. ते तेथेच दुकानात राहू द्यावेत.

धातूच्या नळीविषयी दोनच गोष्टी सांगतो. कारखान्याने ती चेसिसच्या आतल्या बाजूने नेलेली असते, कारण बाहेरून नेली तर दगड लागतात, चिखल साचतो, गंज चढतो. नवी नळी टाकताना जवळची वाट म्हणून ती खालून किंवा सायलेन्सरशेजारून नेण्याचा मोह होतो, तो टाळावा. आणि नळी तांब्याची नसावी. तांबे हाताने सहज वाकते, म्हणून ते अनेकांना सोयीचे वाटते. पण सततच्या थरथरीने ते कडक होत जाते आणि तडकते. पोलादी किंवा तांबे-निकेल मिश्रणाची, ब्रेकसाठीच केलेली नळी वापरावी. तिचे टोक दुहेरी फ्लेअर करावे लागते. हा फ्लेअरच तेल अडवतो. तेथे आट्यांवर पांढरी टेप गुंडाळून गळती थांबवू पाहणे म्हणजे दोष झाकणे होय. बँजो बोल्टखालचे तांब्याचे वॉशर मात्र प्रत्येक वेळी नवे टाकावेत. एकदा दबलेले वॉशर दुसऱ्यांदा नीट बसत नाहीत.

काम करताना होजचे हाल होतात, तेही येथेच सांगतो. कॅलिपर काढून ठेवावयास जागा नसते, मग ते होजलाच लोंबकळत राहते. तेल सांडू नये म्हणून होजला पकडीने चिमटा घेतला जातो. बाहेरून काही दिसत नाही, आतला थर मात्र फाटतो. मग कधी एखाद्या चाकाचा ब्रेक दाबल्यावर सुटतच नाही, कधी लागतच नाही, आणि सगळे दोष कॅलिपरला दिले जातात. कॅलिपर तारेच्या आकड्याने कमानीला टांगावे. रॉकेल किंवा पेट्रोलने ब्रेकचे भाग धुऊ नयेत. आतले रबर फुगते. धुण्यासाठी ब्रेक ऑइलच वापरावे.

आणखी एक गंमत मिस्त्रीने दाखवली. ती गंमत म्हणावी की काय, कोण जाणे. एका गाडीचे ब्रेक कितीही हवा काढली तरी स्पंजासारखे लागत होते. मालकाने तीन वेळा तेल बदलले. दोष एवढाच होता, की डावे कॅलिपर उजवीकडे आणि उजवे डावीकडे बसले होते. त्यामुळे हवा काढावयाचे निपल खाली आले, आणि हवा तर नेहमी वर राहते. निपल सर्वांत वरच असले पाहिजे, हे पाहण्यास अर्धे मिनिट लागते.

तेलाबद्दल आपल्या भागापुरते थोडे अधिक सांगणे अवश्य आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ४ प्रतीचे ताजे तेल निदान २३० अंश सेल्सियसपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शिरल्यावर ही मर्यादा १५५ अंशांच्या आसपास येते. डॉट ३ ची तर १४० वर. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४७ अंशांच्या घरात जातो आणि त्यानंतर चार महिने सारे ओलेचिंब असते. उकळलेल्या तेलात वाफ होते, वाफ दबते, आणि पेडल तळाला जाते. म्हणजे नळी फुटली नाही तरी परिणाम तोच. उघडा डबा गॅरेजच्या फळीवर सहा महिने ठेवून मग वापरू नये. छोटा डबा घ्यावा, उरलेले फेकून द्यावे. आणि डॉट ५ हे सिलिकोनचे तेल निराळे आहे, ते इतरांत मिसळत नाही. आकडा मोठा म्हणून प्रत चांगली, असा समज करून घेऊ नये.

आता ग्रामपंचायत सदस्यांसाठी. आपल्या गावात शाळेची मुले नेणारी गाडी येते, पाण्याचा टँकर येतो, आजाऱ्याला तालुक्याला नेणारी जीप असते. त्यांच्या मालकाला आपण ब्रेकची पावती विचारतो का? मी पावतीवर फारसा विश्वास ठेवीत नाही. बांधीत गेलेल्या जीपचीही पावती होतीच. गाडी उभी करून चालकाला स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवावयास सांगावे आणि चाकामागे वाकून पाहावे. होजवर चकचकीत, घासल्यासारखा डाग दिसला, तर त्या गाडीला त्या दिवशी मुले देऊ नयेत. यासाठी मिस्त्री असावे लागत नाही. आपल्या शेजारच्या नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या धानाच्या उभ्या पिकात वेगळ्या रंगाच्या दोन-तीन लोंब्या हेरल्या आणि त्यांतून एचएमटी वाण उभे राहिले. त्यांच्यापाशीही डोळ्यांखेरीज दुसरे यंत्र नव्हते.

शिक्षकांना आणि येथील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. मोटार मेकॅनिकचा विद्यार्थी होज बदलावयास शिकतो, पण होजची वाट तपासावयास त्याला सहसा सवड दिली जात नाही, कारण गिऱ्हाईक बाहेर उभे असते. काम संपल्यावर पेडल जोराने एक मिनिट दाबून धरावे, त्या वेळी दुसऱ्याने प्रत्येक सांधा कोरड्या बोटाने चाचपावा. मग मोकळ्या मैदानात कमी वेगाने चार-सहा वेळा थांबून पाहावे. आणि शंभरेक किलोमीटर चालल्यावर गाडी पुन्हा बोलवावी. ही तिसरी गोष्ट कुणीच करीत नाही. आमच्या जीपमालकाला आठ दिवसांत कुणी बोलावले असते, तर होजवरचा डाग दिसला असता. तो माणूस बेफिकीर नव्हता. त्याने हौसेने, पदरचे पैसे मोडून, माणसे सुखरूप राहावीत म्हणूनच ते ब्रेक बसवले होते. त्याची चूक म्हणावी तर एवढीच, की काम झाल्यावर गाडी उभी असतानाच पाहिली.

जुलै ते सप्टेंबर ताडोब्याचा गाभा क्षेत्रातील प्रवास बंद असतो. बफरमधील गाड्या सोडल्या तर पुष्कळ जिप्सी या दिवसांत उभ्या असतात. वर्षाची तपासणी करण्यास याहून चांगला काळ नाही. उभ्या गाडीच्या खाली मात्र उंदीर येतात. धानाचा पेंढा जवळ असला तर अधिकच. ऑक्टोबरात पहिल्या फेरीपूर्वी होज कुरतडलेला नाही ना, हे दिवा घेऊन पाहावे.

बाहेर अंगणात तीच जीप उभी आहे. मालकाने ती आज मुद्दाम आणली आहे, आणि परिवहन कार्यालयाशी त्याचा पत्रव्यवहारही चालू आहे. पुढचे टोक स्टँडवर घेतले आहे, मिस्त्रीही आले आहेत. होज आता नवा आहे, ब्रॅकेट नवा आहे. जुना फुटलेला होज त्यांनी बॉनेटवर ठेवला आहे. तो हातात घेऊन पाहा. तो डाग आठाण्याच्या नाण्याएवढाही नाही. पाच-पाच जणांनी या, म्हणजे सर्वांना खाली वाकून पाहता येईल. स्टिअरिंग फिरवावयास मी बसतो.